पूरा पत्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. गोव्यातल्या एका मोठ्या चर्चच्या पाहुण्यांच्या वहीत मी एका माणसाचं नाव खोटं लिहिलं आणि तो माणूस माझ्या शेजारी उभा राहून ते पाहत होता. तो कोण होता हे आधी सांगायला हवं. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

ऑफिसात त्यांना सगळे ‘पूरा पत्ता’ म्हणत. नागपुरात पाटबंधाऱ्याच्या नकाशाखात्यात आम्ही दोघं ट्रेसर होतो, म्हणजे नकाशे शाईनं उतरवून काढणारे. टेबलाला टेबल लागून. ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. कुणी नुसतं ‘आपण कोण?’ म्हटलं की हातातलं पेन खाली ठेवायचे, उभे राहायचे आणि सांगायचे, “शामराव लहानुजी गजभिये. मूळ गाव पारशिवनी तालुक्यात, हल्ली मुक्काम इंदोरा, विहाराच्या मागं, नळाजवळ.” एकदा सायकलला दिवा नाही म्हणून बर्डीच्या चौकात पोलिसानं अडवलं. नाव विचारलं, तर यांनी नळापर्यंत सगळं ऐकवलं. पोलीस वैतागून म्हणाला, “बस कर ना भाऊ, कागदावर इतकी जागा नाही!” शामभाऊ म्हणाले, “मागच्या बाजूनं लिवा, साहेब. जागाच जागा आहे.”

आम्ही हसायचो. एकदा डबा खाताना मी विचारलं की एवढं सगळं कशाला सांगता. ते म्हणाले, “माझ्या बापाले सारं गाव लहान्या म्हणे. म्हातारा झाला तरी लहान्याच. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आलो, तवा मी वीस वर्षांचा. बापाले म्हटलं, बाबा, तुमचं पूरं नाव बोला. त्याले लाज वाटे, गा. चार डाव बोलवून घेतलं. चवथ्या डावाले बरोबर बोलला.” मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, “मी अर्धं सांगितलं तं त्याचं नाव कटते ना मधातून.”

आठ वर्षं आम्ही एकाच डब्यात जेवलो. त्यांच्या घरचं बेसन, माझ्या घरची पोळी. ऑफिसात त्याबद्दल माझं थोडं कौतुक व्हायचं, देशकर मोठा पुढारलेला माणूस म्हणून. ते कौतुक मला आवडायचं. हेही आज कबूल करून टाकतो.

गोव्याला जायची कल्पना त्यांचीच. जन्मभर नद्या काढलेला माणूस. शाईची रेघ अशी ओढायचे की हात कुठं थांबला ते दिसत नसे. “कन्हान काढली, पेंच काढली, वैनगंगा काढली,” ते म्हणायचे. “पन कागदाची कड आली का नदी कटते. ते समुद्रात शिरते कशी, ते एक डाव पाह्यचं आहे मले.” त्यात कुठल्याशा मासिकात त्यांनी जुन्या गोव्याचं चित्र पाहिलं होतं. मांडवीच्या काठी पांढरी चर्चं, आणि त्यात एक एवढं मोठं की माणूस मुंगीएवढा. ते कापून त्यांनी ड्रॉईंगच्या फळीला चिकटवलं होतं. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. हिवाळ्यात आम्ही रजा टाकली.

राहायची सोय माझ्याकडं आली. पणजीच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात माझ्या बायकोच्या मावशीच्या ओळखीचं घर होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घराचा काही दोष नाही. निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको ओळखीतले पाहुणे ठेवून घेत. मी पत्र लिहायला बसलो. ‘मी व माझे मित्र’ लिहिणार होतो. मग वाटलं, ते विचारतील, कोण मित्र, आडनाव काय. जुन्या वळणाचं घर असलं तर जेवणाची पंचाईत. मी लिहिलं, ‘मी व माझे चुलतबंधू असे दोघे येत आहोत.’ पाकीट चिकटवलं. शामभाऊंना कुठं कमीपणा येऊ नये म्हणून हे करतोय, असंही स्वतःला समजावलं.

मुंबईहून आगबोटीनं गेलो. बोटीवर त्यांनी खलाशांपासून पानवाल्यापर्यंत वीस-बावीस जणांना पूरा पत्ता सांगितला असेल. मी कठड्याशी उभा राहून ऐकत होतो. एक सबंध दिवस माझ्या हातात होता. सांगता आलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, दुसरी जागा शोधली असती. मी फक्त म्हणालो, “शामभाऊ, तिथं जरा कमी बोला हं. लोक जुने आहेत.”

“कमी म्हनजे?” ते हसले. “नळ सोडून देऊ?”

गुरुजी पायरीवरच उभे होते. “दोघे बंधू सुखरूप पोचलात!” शामभाऊंना ते केवढं आवडलं. त्यांना वाटलं, माणूस प्रेमानं बोलतोय. “हो जी, भाऊच समजा. मी शामराव ला—”

“आधी पाय धुवा,” मी त्यांना जवळजवळ ढकललंच.

ते तीन दिवस मी सुट्टीवर नव्हतो, पहाऱ्यावर होतो. गावाच्या टोकाला एक ओढा वाळूतून समुद्रात उतरत होता. शामभाऊ धोतर खोचून त्यात उभे राहिले. ओंजळीनं पाणी चाखत, एकेक पाऊल पुढं सरकत. “इथं गोड. इथंबी गोड. आता खारं!” मग मागं आले, पुन्हा गेले. “वसंता, काई रेघच नाही रे इथं. मी तं आजवर रेघ मारत आलो.” लहान मुलासारखे हसत होते. शेजारी एक कोळीण टोपली धुत होती. तिला त्यांनी लगेच सांगून टाकलं, शामराव लहानुजी गजभिये, नळापर्यंत. मी लांबून पाहिलं आणि घाईघाईनं त्यांच्याकडं निघालो. कारण हीच बाई रोज आमच्या यजमानांच्या मागच्या दारी मासळी घेऊन यायची.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी तिचा आवाज आला तेव्हा मी हातातला घास पानात ठेवला आणि कान दिला. ती कोकणीत काय बोलते ते मला कळत नव्हतं. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, हसत आत आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या भावाला ती विचारत होती. मोठे बोलके हो ते!” एवढंच. पुढं काही नाही. मी पाणी प्यायलो.

त्या घरात मासे खायचे. मी खात नाही. शामभाऊंनी काट्यासकट फडशा पाडला. काकूंना आश्चर्य वाटलं. “एका घरचे दोघे, आणि एक खातो, एक नाही?”

मी चटकन म्हणालो, “त्यांना डॉक्टरांनी मासे खायला सांगितलंय.”

“कोन्या डॉक्टरनं, गा?” शामभाऊ तोंडात घास घेऊन म्हणाले. “मले त्याचा पत्ता तं दे. रोज जाईन.”

सगळे हसले. मीही हसलो. काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आम्हाला जुन्या गोव्याला घेऊन गेले. पणजीहून बस नदीच्या काठाकाठानं जाते. शामभाऊ खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते. शहर म्हणावं असं तिथं आता काही नाही. माड, गवत, नदी, आणि मध्येच उभी राहिलेली ती अवाढव्य चर्चं. सर्वांत मोठ्या चर्चला दोन मनोरे होते, एक पडून गेलेला. आत पांढरंशुभ्र उंच कमानदार छत आणि समोर सोन्याची वेदी. शामभाऊंनी चपला काढल्या, तिथं काढायची गरज नव्हती तरी. मग ते दारापासून वेदीपर्यंत पावलं मोजत निघाले. कुठलीही मोठी इमारत दिसली की ते हे करायचे. मोजताना ओठ हलायचे.

चर्चची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ पुढं आले. त्यांनी गुरुजींना विचारलं, पाहुणे कुठले. गुरुजी मोठ्या अगत्यानं, मराठीतच म्हणाले, “नागपूरचे. हे वसंतराव देशकर. आणि हे यांचे चुलतबंधू, शामराव देशकर.”

त्या उंच जागेत प्रत्येक शब्द घुमतो. शामभाऊ अर्ध्यात उभे राहिले. ओठ थांबले. त्यांनी गुरुजींकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी समोरच्या खांबाकडं पाहत राहिलो.

त्या वृद्धांनी पाहुण्यांची वही पुढं केली. पेन शामभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी पेन धरलं. आता हा माणूस लिहिणार, बापाचं नाव, गाव, इंदोरा, सगळं, आणि गुरुजी वाचणार. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांचं काहीच वाटत नव्हतं. मला फक्त माझ्यापुरती भीती होती.

शामभाऊंनी पेन माझ्याकडं दिलं. “मले दिसत नाही नीट,” ते म्हणाले. ज्यांची नजर केसाएवढी रेघ ओढायची, ते. “तूच लिव. काय लिवाचं ते तुले मालूम आहे.”

गुरुजी माझ्या खांद्यावरून पाहत होते. मी लिहिलं. वसंत देशकर. त्याखाली, शामराव देशकर. नागपूर.

संध्याकाळी शामभाऊ जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. ओसरीवर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

“पत्रात लिवलं होतं काय?”

“हो.”

“काहून?”

“मला वाटलं, लोक जुने आहेत, जेवणाखाण्याला—”

“त्यायनं विचारलं होतं?”

“नाही.”

“त्यायनं विचारलंबी नाही, अन् तू लिवून देल्लं.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “मी बोललो असतो आज. पन तुह्यं तोंड पाह्यलं. म्हटलं, हा मानूस मरून जाईल इथं. म्हनून चूप राह्यलो. तुह्यासाठी चूप राह्यलो, वसंता. आजवर कोनासाठी राह्यलो नव्हतो.”

“शामभाऊ, चुकलो मी.”

“ते तं आहेच,” ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. काकूंना वाकून नमस्कार केला. काकू म्हणाल्या, “पुन्हा या हां, तुमचं घरच हे.” ते नुसतं “हो जी” म्हणाले. त्या लोकांना खरं नाव कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित काकूंनी तसाच आणखी एक तुकडा वाढला असता. मला ते कधीच कळणार नाही, कारण त्यांना उत्तर द्यायची संधीच मी ठेवली नाही.

नागपूरला परतल्यावर शामभाऊ भांडले नाहीत. ऑफिसात कुणाला बोलले नाहीत. मला मात्र ते ‘देशकरसाहेब’ म्हणू लागले, आणि ‘तुम्ही’. डबा आणायचे, आपल्या टेबलावर उघडायचे. नवा इंजिनियर आला, त्यानं नाव विचारलं. सगळे कान टवकारून बसले. शामभाऊ बसल्याबसल्या म्हणाले, “गजभिये.” मागून कुणीतरी ओरडलं, “काय गा, पूरा पत्ता हरवला काय?” त्यांनी मान वर केली नाही. शाई वाळायची वाट पाहत राहिले.

वर्षभरात त्यांनी चंद्रपूरला बदली मागून घेतली. पूर्वी दोनदा आलेली बदली त्यांनी खटपट करून रद्द करवली होती. निरोपाच्या दिवशी मी हार घातला. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, “बरं आहे, देशकरसाहेब.” त्यानंतर आम्ही भेटलो नाही. दहा वर्षांनी ते गेले, काविळीनं. शोकसभेत मला बोलायला लावलं. मी पोलिसाचा किस्सा सांगितला. लोक रडता रडता हसले. माझं भाषण सगळ्यांत चांगलं झालं, असं म्हणाले.

सभा संपल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडं आली. शाळेत शिकवते. म्हणाली, “काका, तुम्ही सांगितलं तसे बाबा मला लहानपणी आठवतात. पण गोव्याहून आल्यावर त्यांनी ते बंद केलं. आई विचारायची, मी विचारायची. काही सांगितलं नाही त्यांनी. तिकडं काय झालं होतं हो?”

मी म्हणालो, “काही नाही गं. समुद्राची हवा मानवली नाही त्यांना.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि चहा आणायला गेली.

ती आता इथंच, नागपुरात जरीपटक्यात राहते. माझ्या घरापासून सायकलनं पंचवीस मिनिटं. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला देणं लागतो, तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर. ते अजून दिलेलं नाही.