साहेबांनी लिहिलं ‘दाखल करा’

“सायब, माज्या राणीच्या अर्जाचं काय झालं वो?”

आष्टीच्या विश्रामगृहात भेटायला आलेल्या मावशींनी मंत्रीसाहेबांना विचारलं. साहेब उच्च शिक्षण आणि संशोधन खात्याचे मंत्री. मी त्यांचा स्वीय सहायक, म्हणजे त्यांचे कागद अन् फोन सांभाळणारा.

मावशींचं घर मेंढपाळांचं. मेंढरांमागं फिरण्यात त्यांच्या लेकीची, राणीची शाळा दोनदा सुटली, तरी पोरगी चाऱ्याच्या गवतांवर पीएचडीपर्यंत पोचली. एक सर्टिफिकेट उशिरा आलं म्हणून तिचा फेलोशिपचा अर्ज बाद झाला. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणून परळीच्या दौऱ्यात मायलेकींनी साहेबांना हे सांगून फेरविचाराचा अर्ज दिला. साहेबांनी तिथंच त्यावर लिहिलं, ‘दाखल करा.’

मंत्र्याचा शेरा म्हणजे हुकूम नव्हे. शेऱ्यावरून फाइल हलते, बाकीचं नियम ठरवतो. आणि आमच्या कचेरीत ‘दाखल’ म्हणजे दप्तरी दाखल. कागद बासनात, विषय संपला. मी अर्ज तसाच बासनात घातला. साहेब मात्र मूळचे प्राध्यापक, खात्यात नवे. त्यांच्या लेखी दाखल म्हणजे ॲडमिशन, म्हणजे अर्ज आत घ्या, निवड समितीपुढं ठेवा! खोटं कशाला बोलू, तेव्हाच मला शंका आली होती. पण मी असंच काही विचारल्यावर आधीच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझी अक्कल काढली होती. म्हणून या साहेबांना विचारलंच नाही.

“झालं असेल की!” साहेब हसून म्हणाले. मग माझ्याकडं वळले, “काय हो, अर्ज समितीपुढं गेला ना?”

‘प्रोसेसमध्ये आहे’ हे ठेवणीतलं उत्तर पार ओठावर आलं होतं. नोकरी गेली तर घरी काय सांगू, एवढंच डोक्यात. मावशी टक लावून बघत होत्या.

“साहेब, जरा आत येता?”

आत सगळं सांगितलं. साहेब खुर्चीवर बसलेच.

“समिती कधी आहे?”

“आजच. पाचला यादीवर सह्या.”

चार वीस झाले होते. “मग बघताय काय? फोन लावा!”

नंबर दोनदा चुकला. मंत्रालयात ती फाइल बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “रेकॉर्डमधून अर्ज काढायचा, टिपणी लिहायची, सचिवांची सही घ्यायची. चाळीस मिनिटांत? माझ्या काय अंगात येतं का हो?”

साहेबांनी स्वतः समितीच्या अध्यक्षांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “समोर कागदच नाही, तर नाव कसं घालू? उद्या सभागृहात तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल.” खरं होतं ते. मंत्र्याला सांगता येतं, निवडता येत नाही.

पाच वाजले.

साहेबांनीच बाहेर जाऊन सांगितलं, “चूक आमची झाली, मावशी. पुढच्या वर्षी...”

“पुढल्या साली वय बसत न्हाई तिचं. तुमालाच तर सांगितलंतं.” मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मला मात्र तिथं उभं राहवेना.

चौकशी झाली. ‘शेऱ्यानुसार योग्य कार्यवाही’ असा अहवाल आला. माझ्या नावानं साधी नोटीससुद्धा निघाली नाही.

आता शेरा कळला नाही की मी तिथल्या तिथं विचारतो. लई शिव्या बसतात. खातो.