बापू तेव्हा जिवंत होते

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कृती समितीतल्या कुणाला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे, ते मला नीट ठाऊक नाही — पण आता आत मावत नाही, एवढं खरं.

शिरोळकडच्या आमच्या गावात सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं केंद्र होतं. सरकारकडं पैसा नाही म्हणून निधी थांबला, कंत्राटी माणसं घरी बसली आणि मशीनवर चादरी पडल्या. मी हायस्कूलमधली शिक्षिका, बोलायची सवय — म्हणून समितीनं मला पुढं केलं. सह्या गोळा केल्या, तहसीलसमोर धरणं धरलं. पेशंट बिचारे कोल्हापूरला खेपा घालत होते. त्यातलेच आमच्या गल्लीतले बापू. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पायावर सूज असली तरी धरण्याला येऊन बसायचे. "बाई, तुमी बोला, आमी हाय मागं," म्हणायचे.

मग मंत्री कोल्हापूरला आले. विश्रामगृहावर आम्हा चौघांना भेट मिळाली. बाकीचे तिघे शेजारच्या गावांतले, बापूंना नावानं न ओळखणारे. मंत्र्यांनी निवेदन न वाचताच टेबलावर ठेवलं. "पगाराला पैसे नाहीत, तुमच्या मशीनला कुठून आणू?" म्हणाले आणि उठले. खरंच उठले, दाराकडं वळलेसुद्धा. आणि मला ऐकू आलं — माझाच आवाज होता तो — "साहेब, आमचा एक माणूस काल गेला. मशीन बंद म्हणून गेला."

ते थांबले. "नाव काय?"

मी बापूंचं नाव सांगितलं. आडनावासकट.

असं कसं आलं तोंडातून? त्याच सकाळी स्टँडवर बापूंनी मला हात केला होता. मी इतकी वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आले आणि हे असं, न अडखळता...? मंत्री परत खुर्चीत बसले. त्यांच्या सहायकानं नाव टिपून घेतलं. कुणीतरी म्हणालं, श्रद्धांजली वाहू — आणि आम्ही सगळे उभे राहिलो. मीही. मान खाली घालून. आणि सांगू का? मला रडू येत होतं. खोटं नव्हे, खरंखुरं रडू. एका जिवंत माणसासाठी.

निधी मंजूर झाला. गावानं माझा सत्कार केला, शाल-नारळ दिला.

इथवरचं कदाचित मी कुणाला सांगू शकले असते. चांगल्या कामासाठी एक खोटं — लोक हसून सोडून देतात. पण मी तिथं थांबले कुठं? केंद्र पुन्हा सुरू करायला मंत्री स्वतः येणार, असा फोन आला. पेशंटांच्या यादीत बापूंचं नाव दिसलं तर? निधी परत गेला तर? असं मी स्वतःला म्हणत होते. भीती मात्र निधीची नव्हती — माझ्या नावाची होती.

मी बापूंच्या घरी गेले. त्यांची बायको, आमच्या काकू, रानात गेल्या होत्या. मी बापूंना सगळं सांगितलं आणि त्यांना म्हणाले, थोडे दिवस केंद्रावर येऊ नका, कोल्हापूरलाच जा.

बापू म्हणाले, "मी मेलोय म्हणून सांगिटलंसा?"

मी मान हलवली. मला वाटलं, आता घालून पाडून बोलतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मशीन सुरू हुतंय न्हवं?" ते म्हणाले. "मग जातो की कोल्हापूरला. हिला काय सांगू नगा, गाव गोळा करंल. हितं नंबर लागंना म्हणून सांगतो मी."

थोडे दिवस म्हणजे किती? ते मी ठरवायचं होतं. मी ठरवलं नाही. मंत्री येऊन गेले, कुणी कसली चौकशी केली नाही — तरीही नाही. बापू दवाखान्यावरूनच एसटीला जायचे. मी दिसले तर हात करायचे.

पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली गेला. बापूंचा फोन आला. बोलताना धाप लागत होती. "बाई, रस्ता बंद हाय. आता हितं आलो तर चालंल का?"

दवाखाना उंचावर आहे. मशीन चालू होतं. मला फक्त 'या' म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "विचारून सांगते."

कुणाला विचारणार होते मी? विचारायला कोण होतं? फोन ठेवला आणि मी भाकरी थापायला बसले. दुसऱ्या दिवशीही फोन केला नाही. त्यांनीही पुन्हा केला नाही — आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. पाणी ओसरायच्या आत बापू गेले.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमच्यामुळं गावाला मशीन मिळालं. आमच्या मालकांचा तेवढा नंबर लागला न्हाय बघा. लई गर्दी हाय म्हणत हुते."

मी म्हणाले, "हो काकू. गर्दी होती."