पृथ्वीच्या वाटणीचं दुःख

पृथ्वीची वाटणी देवाने नीट केली नाही, याचं दुःख स्वतःच्या संसाराच्या दुःखासारखं वाहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी आमच्याच घरात निघाली. माझ्या थोरल्या जाऊबाई. कोणत्या खंडाला जमीन किती आणि त्यावर माणसं किती, हे लोक शाळा सुटली की विसरून जातात. जाऊबाईंची शाळा दहावीला सुटली, लग्न झालं, लातूरकडचं गाव सोडून त्या पिंपरीत आल्या. पण हे खंड काही त्यांच्या डोक्यातून उतरले नाहीत. चार बायका भाजी निवडताना सासूबद्दल बोलतात, सोन्याच्या भावाबद्दल बोलतात. आमच्या जाऊबाई मेथीची जुडी हातात धरून मोठा उसासा टाकायच्या आणि म्हणायच्या, "त्या आफ्रिकेचं बघ गं. जमिनीत दोन नंबर, माणसांत दोन नंबर. जन्मभर थोरल्याच्या मागं." आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. कांदा तर आसपास नसायचा.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा सासू-सासरे, दोन भाऊ, आम्ही दोघी जावा, एक नणंद, जाऊबाईंचा मुलगा आणि गावाकडून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी, एवढी माणसं राहत होती. मी नवी नवरी म्हणून त्या घरात आले, तेव्हा थोरली जाऊ सासूच्या स्वभावाबद्दल दोन गोष्टी कानात सांगेल अशी माझी अपेक्षा होती. जाऊबाईंनी मला मोरीपाशी नेलं, कारण तेवढीच जागा मोकळी होती, आणि गंभीरपणे सांगितलं, "हे घर म्हणजे आशिया खंड हाय. जगातली तीस टक्के जमीन आणि साठ टक्के माणसं. इथं रुसून बसायला कोपरा न्हाई, म्हणून रुसायचंच न्हाई." मी हो म्हटलं. मग त्यांनी हळूच खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर सासरे भिंतीकडे तोंड करून एकटेच पसरले होते. "ते अंटार्क्टिका. जागा युरोपापेक्षा जास्त, वस्ती शून्य. जवळ गेलं की गारठा." मला हसू आवरेना. लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

घरी येणाऱ्या कुणाचीही परीक्षा घेतल्याशिवाय त्या चहा ठेवत नसत. नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा शिऱ्याचं पातेलं हातात धरूनच त्यांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "काका, माणसांच्या बाबतीत जगात तिसरा खंड कोणता?" काका गडबडले. अमेरिका म्हणाले. जाऊबाईंनी त्यांच्या बशीत चमचाभरच शिरा वाढला. "युरोप. जमिनीत शेवटून दुसरा आणि माणसांत वरून तिसरा. तुमची अमेरिका त्याच्या मागं हाय." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. लग्न जमलं ते नशीब. पण त्या काकांनी पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी शिऱ्याला हात लावला नाही.

जाऊबाईंचा मुलगा शाळेत गेला तेव्हा जगाचा नकाशा घ्यायला आम्ही दोघी पिंपरीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने नकाशा उलगडला आणि जाऊबाईंचा चेहरा बदलला. "हे ग्रीनलँड एवढं थोरलं कसं? ह्याच्यासारखी कितीतरी ग्रीनलँडं आफ्रिकेत मावतील. तुम्ही दोघांना सारखंच दाखवायलाव!" दुकानदार म्हणाला, "ताई, मी फक्त विकतो. काढलेला मी नाही." "मग खोटं का विकायलाव?" मागे गर्दी जमली. एक जण म्हणाला, "द्या ना राव दुसरा, भाऊ." दुसरा आणला, त्यातही तेच. शेवटी आम्ही पृथ्वीचा प्लास्टिकचा गोळा घेऊन घरी आलो, कारण गोळ्यावर कुणावर अन्याय होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो गोळा ठेवायला जागा नव्हती. तो पुढे कितीतरी वर्षं पंख्याच्या हुकाला लटकत होता.

हे सगळं वेड कुठून आलं, ते मला उशिरा कळलं. त्यांना बाकी काही नको होतं, फक्त जागा हवी होती. पाय पसरता येतील, दार लावून घेता येईल, पदर डोक्यावरून काढता येईल एवढी. मोठे भाऊजी चाकणच्या एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये राबत होते, ओव्हरटाइम सोडत नव्हते, ते त्याचसाठी. सासू-सासरे गेले, नणंद सासरी गेली, मुलगा इंजिनिअर झाला, आणि एक दिवस भाऊजींनी चऱ्होलीत तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाच्या दिवशी जाऊबाई प्रत्येक खोलीत जाऊन दार लावून आत उभ्या राहून आल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अगं, आत काहीच ऐकू येत न्हाई." त्या आवाजात आनंद होता की भीती, ते मला तेव्हा कळलं नाही.

मुलगा वर्षाच्या आत ऑस्ट्रेलियाला गेला. भाऊजी रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यावर पहिला हिवाळाही त्यांना पुरता बघता आला नाही. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि खुर्चीतच गेले. मुलगा पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तेराव्यापर्यंत त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या वाटेने गेले. मुलगा म्हणाला, "आई, तू चल माझ्याबरोबर." जाऊबाई म्हणाल्या, "सगळ्यात लहान खंड, आणि तेवढाही त्यांना भरता आलेला न्हाई. मी तिथं जाऊन कुणाशी बोलू?" तो पुष्कळ म्हणाला, सुनेनेही फोनवरून विनवलं. त्या गेल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज एकदम जुना, खणखणीत. "आपल्याकडं माणसं आलीत. बघायला ये." गेले तर घरात चार मुली. चाकणकडच्या कंपन्यांमध्ये ट्रेनी म्हणून लागलेल्या. दोघी नांदेडच्या, एक वाशिमची, एक पार झारखंडची. जाऊबाईंना त्या बसस्टॉपवर भेटल्या होत्या, खोली शोधत. एकेका खोलीत आठ-आठ जणी राहतात हे ऐकून जाऊबाईंचा जुना राग उफाळून आला आणि त्या चौघींना सरळ घरी घेऊन आल्या. चौघींच्या मिळून तीन शिफ्ट, म्हणजे कोणत्याही वेळी कुणीतरी झोपलेलं, कुणीतरी जेवत असलेलं, कुकर चालूच. जाऊबाईंनी त्यांनाही खंड शिकवले. बरोबर उत्तराला पापड, चुकलं तर भांडी. झारखंडची मुलगी म्हणायची, "आंटी, हम तो रोज बर्तन ही करेंगे." जाऊबाईंच्या गालांवर मांस आलं. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. मुली अवेळी येतात, लिफ्टचा आवाज होतो, या कोण, कुठल्या. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. जाऊबाईंनी मला सोबतीला बोलावलं होतं. मी मागे उभी होते. सेक्रेटरी सभ्य माणूस, आवाज न चढवता बोलला, "काकू, ही फॅमिलीची सोसायटी आहे. तुमच्याबद्दल कुणाचं काही नाही. पण रूल आहे."

"मग ही फॅमिली न्हाई का?" जाऊबाई म्हणाल्या. "कंपनीची बस त्यांना गेटवर सोडती. कामावरून येणारी पोरगी अवेळी येती म्हणजे काय? माझा नवरा जन्मभर अवेळीच आला."

कुणीतरी खाली बघितलं. जाऊबाई पुढे सांगायला लागल्या, की जमीन एकीकडे पडून आहे आणि माणसं दुसरीकडे कोंबली आहेत, सगळ्या जगाचं हेच झालंय, निदान आपल्या बिल्डिंगमध्ये तरी... मागून कुणीतरी हसलं. "काकू, भूगोल नको, मुद्द्यावर या." मोठ्याने हसलेही नाहीत कुणी, नुसती एक खसखस. पण जाऊबाई थांबल्या. ज्या बाईला नकाशाचा दुकानदार गप्प करू शकला नव्हता, ती वाक्य अर्धं सोडून खाली बसली. हात वर झाले. आमच्या बाजूने तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा तेवढा होता.

महिनाअखेरीला मुली गेल्या. चाकणलाच कुठेतरी खोली मिळाली, आठजणींतली. झारखंडची जिन्यावर बसून रडत होती. जाऊबाई तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी नीट बसवत म्हणाल्या, "रडायलीस कशाला? तेल वर येऊ दे, मग खा." त्यानंतर त्यांनी खंडांचं नाव काढलं नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, "आक्का, आता आफ्रिकेत माणसं फार वाढायला लागलीत म्हणे?" त्या म्हणाल्या, "वाढू देत." आमच्याकडे राहायला आल्या, आठवड्यात परत गेल्या. घर बंद राहिलं की कुबट वास येतो म्हणाल्या.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्याकडे गेले. गेटमधून वर पाहिलं, तर तिन्ही बाल्कन्यांत कपडे वाळत होते. साड्या, पुरुषाचे शर्ट, चादरी, मुलींचे कुर्ते. मला इतकं बरं वाटलं, की लिफ्टची वाटही न बघता मी जिना चढले. पोरी परत आल्या असतील, नाहीतर मुलगा-सून आले असतील. दार जाऊबाईंनी उघडलं. आत कुणी नव्हतं. शर्ट भाऊजींचे होते. कुर्ते मुली विसरून गेलेले. सगळे स्वच्छ, कुणी न घातलेले, नुसते पाण्यातून काढून पिळलेले.

त्याच म्हणाल्या, "खालून बघणाऱ्याला घर मोकळं दिसू नये." आणि चहा ठेवायला आत गेल्या. उन्हं कलली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून कपडे काढले. चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. शर्टांची कॉलर त्यांनी बोटांनी सरळ केली, कुर्त्यांच्या बाह्या आत दुमडल्या, आणि प्रत्येक माणसाच्या कपड्यांचा वेगळा गठ्ठा करून पलंगावर ओळीने मांडून ठेवला.