कोरड्या पट्ट्याचं वय

मावशी कामावर जाताना अंगावर लोखंड ठेवत नसे. केसांत आकडा नाही, सदऱ्याला प्लास्टिकची बटणं, पिशवीला चेनऐवजी नाडी.

"तुरुंगातून सुटून आल्यासारखी दिसतेस," आई म्हणायची. आई तिची थोरली बहीण, त्यामुळे बोलायचा हक्क तिचाच.

"ताई, तुझ्या एका सेफ्टीपिनेत माझ्या अख्ख्या तळ्यापेक्षा जास्त चुंबक आहे. लांब बस."

तळं म्हणजे शहराबाहेरचं एक आटलेलं तळं. आज तिथे गोदामं आहेत. काँक्रीट पडण्याआधी मावशीने कंत्राटदाराशी भांडून थोडी मुदत मिळवली, त्याच्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या आणि ॲल्युमिनियमचे पाइप ठोकून तळाचा गाळ उभाच्या उभा वर काढला. मग संस्थेत त्याचे तुकडे कापून काड्यापेटीहून लहान डब्यांत भरले. प्रत्येक डबीवर बाण, वरची बाजू कुठली आणि उत्तर कुठली ते सांगणारा.

गाळ थराथराने बसतो. पावसाच्या वर्षी डोंगरावरून लोहाचे कण जास्त धुऊन येतात, कोरड्या वर्षी कमी. हे कण बसताना त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करतात आणि वर नवा थर आला की तसेच अडकतात. चुंबकी उत्तर हळूहळू सरकत असते, आणि कुठल्या शतकात ती कुठे होती हे साधारण ठाऊक आहे. म्हणून लोह किती यावरून पाऊस कळतो आणि लोह कुठे बघतंय यावरून काळ.

त्या गाळाच्या मध्यावर एक फिकट पट्टा होता. त्यात लोह जेमतेम. म्हणजे मोठा दुष्काळ. पण केवढा? वीस वर्षांचा, की दोनशे? मावशीचा सगळा जीव या एका प्रश्नात अडकला होता. "वीस वर्षं माणसं कळ काढतात गं," ती मला म्हणाली होती, "दोनशेत गाव उठतं. आपण धरणं बांधतो ती वीस धरून." त्या पट्ट्यात काडी नव्हती, शिंपला नव्हता; वय सांगणारं दुसरं काहीच नव्हतं. लोह मोजून झालं होतं. दिशा मोजणारं यंत्र मात्र बंद पडलं होतं, त्याचा सुटा भाग यायचा होता. तोवर डब्या थंड खोलीत, बाहेरचं चुंबकत्व आत न येऊ देणाऱ्या कपाटात जपून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मावशी रजा टाकून आमच्याकडे आली. आईला धरून चालवलं, तिची बोलणी खाल्ली, आणि रजा संपल्यावर मी तिला गाडीने संस्थेत सोडायला गेले. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दरवाज्यातच एक नवीकोरी स्टीलची पाटी उभी होती. मधल्या काळात संस्था लोकांना बघायला खुली ठेवली होती, त्यासाठी सजावटवाल्याने केलेली. वर मोठ्या अक्षरांत 'मातीतला पाऊस'. खाली, छान तिरप्या रांगेत, मावशीच्या डब्या. फिकट पट्ट्याच्या, झाडून सगळ्या. मावशीने एक डबी ओढली. ती सहज निघेना. जोर लावून काढली, उलटी केली. पाठीला बटणाएवढं चकचकीत चुंबक चिकटवलेलं.

डबी हातात घेऊन ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली, मी मागोमाग. साहेब संस्थेचे प्रमुख, जन्मभर भूकंपांचा अभ्यास केलेले, कॉलेजात मावशीच्या दोन वर्षं पुढे.

"या, या! ताईंचा गुडघा काय म्हणतो? पाटी बघितलीस? लोकांनी फोटो काढले तुझ्या चिखलाचे."

"कपाट कुणी उघडलं?"

"मीच दिली किल्ली. का गं? मोजून झालंय ना सगळं? तूच तर पावसाचा आलेख दाखवलास."

"पाऊस मोजलाय. काळ मोजायचा राहिलाय. काळ त्या डब्यांत होता."

साहेब हसले. "अगं, एवढंएवढं चुंबक ते."

"तुमच्या भूकंपाच्या यंत्रावर मी दहा मिनिटं नाचले तर चालेल? माझं वजनही एवढंएवढंच आहे."



सुटा भाग आला, यंत्र सुरू झालं. मावशीने एकेक डबी मोजली, वरवरचं चुंबकत्व पायरीपायरीने पुसून खालचं काही उरलंय का ते पाहिलं. काही उरलं नव्हतं. कितीतरी पिढ्यांच्या उत्तर दिशा पुसून सगळे कण एकजात डबीच्या पाठीकडे बघत होते. साहेबांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "किती सरळ रेघ आलीय!" मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

वरचे-खालचे थर कपाटातच राहिले होते, त्यांचे काळ नीट निघाले. पण तेवढ्यावरून पट्ट्याचं वय बांधता येईना, कारण त्याच्या दोन्ही कडांशी गाळ वाहून गेल्याच्या खुणा होत्या; त्यासोबत किती वर्षं गेली ते कळत नव्हतं. मावशीने शोधनिबंध लिहिला. आलेखात पट्ट्याच्या जागी कोरी जागा सोडली आणि खाली लिहिलं: या भागाचे नमुने आमच्याच संस्थेत, प्रदर्शनाच्या पाटीवर लावलेल्या चुंबकांमुळे निकामी झाले.

मावशी आमच्याकडे आली असताना साहेबांचा फोन आला. मावशीने आईसमोरच स्पीकर लावला.

"एवढं वाक्य काढ. 'तांत्रिक कारणांमुळे' लिही. सगळे तसंच लिहितात."

"तांत्रिक कारणाला हात नसतात. ही चुंबकं हातांनी चिकटवली."

"संस्थेची अब्रू आहे, बाई. माझंही नाव आहे त्या निबंधावर."

"मग वाक्य राहील, नाहीतर तुमचं नाव. दोन्ही नाही."

"विचार कर. थंड खोलीचं वाटप पुढच्या महिन्यात आहे."

आई मध्येच फोनकडे वाकून म्हणाली, "भाऊ, खोली घ्या हो. वाक्य आमच्याकडे राहू द्या."

नाव साहेबांनी काढून घेतलं. थंड खोलीही काढून घेतली. आता तिथे भूकंपवाल्यांचे संगणक आहेत. निबंध मावशीच्या एकटीच्या नावाने छापून आला. मग कौतुक सुरू झालं. कुठल्या कुठल्या विद्यापीठांतून फोन, मुलांपुढे प्रामाणिकपणावर बोलायला या म्हणून आमंत्रणं. त्यातले एक वयस्कर प्राध्यापक तर तिला भेटायला आमच्या घरीच आले. म्हणाले, "बाई, तुमची ती कोरी जागा म्हणजे विज्ञानाचा दागिना आहे."

मावशीने त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा चहा शिल्लक होता.

"दागिना?" ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की आईने काठी टेकून उठायची तयारी केली. "तिथे माणसं पाण्यावाचून किती वर्षं मेली हे लिहिलेलं होतं. ते वाचायचं राहिलं. आता ते कुणालाच, कधीच वाचता येणार नाही. आणि तुम्ही मला शाबासकी द्यायला आलात?"

प्राध्यापक उठले, चपला शोधू लागले. त्यांना थांबा म्हणायला आमच्यापैकी कुणीच पुढे झालं नाही.