शालीची ड्युटी

सांगलीच्या आमच्या वाचनालयात कुठलंही व्याख्यान असो, आभार मानायला एकच काका उठतात. पंख्यापासून चहावाल्यापर्यंत ते कुणालाच सोडत नाहीत. मी तोवर पायानंच चप्पल चाचपायला लागतो.

परवा पुण्याहून आलेल्या एक कलाकार बाई आंदोलनं आणि कॅमेरे यांवर बोलल्या. त्यांचा कॅमेरा श्रोत्यांचे चेहरे पडद्यावर मोठे करून दाखवत होता. जतच्या एक मावशी टँकरची तक्रार सांगायला उठल्या आणि पडद्यावर स्वतःलाच बघून गप्प झाल्या.

काकांनी सत्काराची शाल उचलली आणि कॅमेऱ्यावर टाकली. "बोला आक्का, आता कोण बघत न्हाई."

मावशी भडाभडा बोलल्या.

शेवटी काका आभाराला उठले. मी पहिल्यांदाच जागचा हललो नाही.

"पाव्हण्या बाईंनी आत्ता नुसता नारळ घ्यावा," काका म्हणाले. "शाल अजून ड्युटीवर हाय."