हौदातली झोप
लोकरीच्या टोपीला डांबरगोळ्यांचा वास आला की मला चंडीगडच्या सरकारी क्वार्टरमागचा हौद आठवतो. त्यात मुलीनं पाळलेली दोन कासवं होती. डिसेंबरच्या धुक्यात ती तळाच्या गाळात गेली आणि दिसेनाशी झाली. मी कोकणातली, असली थंडी मला ठाऊकच नव्हती. एका दुपारी घाबरून मी त्यातलं धाकटं बाहेर काढलं. दगडासारखं गार! मुलीच्या टोपीत गुंडाळून हीटरजवळ ठेवलं, तेव्हा त्यानं हळूच मान बाहेर काढली आणि आम्ही मायलेकी टाळ्या वाजवत नाचलो. शेजारच्या पंजाबी आंटींनी मात्र कपाळावर हात मारला. "सोये हुए को क्यों जगाया जी? इतनी ठंड में खाएगा क्या?" मग व्हरांड्यातल्या बादलीत त्याला हळूहळू निववून तिसऱ्या दिवशी परत हौदात सोडलं. पाण्यावर धुकं टेकलं होतं, त्यात ते विरघळल्यासारखं खाली गेलं. "मम्मा, उठेगा ना?" मुलीनं विचारलं. "उठेल गं, होळीला," मी म्हटलं. पण होळीआधीच यांची बदली झाली आणि झोपलेली कासवं आंटींवर सोपवून आम्ही पुण्याला आलो. होळीला आंटींचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "दोनों उठ गए जी, दोनों." इतक्या घाईनं म्हणाल्या, की मी पुढं काही विचारलंच नाही. टोपी आता मुलीला होत नाही, तरी दर वर्षी मी तिला ऊन दाखवते आणि घडी घालण्याआधी एकदा आत हात घालून बघते.