मुलगी रॅम्पवर, मी स्टुलावर

मुलगी चाळिशीला टेकली होती, तेव्हा तिने स्केटबोर्ड घेतला. ही बातमी तिने आम्हाला जेवताना, भात वाढून घेता घेता सांगितली. सिॲटलची नोकरी सोडून ती त्याच वर्षी ओहायोतल्या कोलंबसला राहायला आली होती आणि दर रविवारी शेजारच्या डब्लिन गावात आमच्याकडे जेवायला यायची. तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी रेडिऑलॉजिस्ट. नागपूरहून इथे आल्यापासून रिटायर होईपर्यंत अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची मोडलेली हाडं बघत आलो. स्केटबोर्डवरून पडलेल्या माणसाचं मनगट नेमकं कुठे मोडतं, हे मला डोळे मिटून दाखवता आलं असतं. मी विचारलं, हेल्मेट घेतलंस का? ती म्हणाली, घेतलंय, मनगटांची गार्ड्ससुद्धा. मग म्हणाली, "बाबा, तू ये ना बघायला. तुझा कॅमेरा घेऊन ये."

कॅमेरा मी रिटायर झाल्यावर पक्ष्यांसाठी घेतला होता. आमच्या घरामागच्या तळ्यावर एक राखाडी बगळा यायचा. तो मॉडेल म्हणून फार गुणी होता. मी लेन्स बदलून, चष्मा पुसून तयार होईपर्यंत एका पायावर उभा राहायचा. त्याच्या जोरावर मी स्वतःला बऱ्यापैकी फोटोग्राफर समजत होतो.

स्केट पार्क म्हणजे काँक्रीटचे खड्डे, उतार, पायऱ्या आणि लोखंडी दांडे. पहिल्या रविवारी मी कुंपणाजवळच्या बाकावर बसलो आणि मुलगी बोर्डवर पाय ठेवून निघाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला तो खरं तर तिच्याकडे सरळ बघवेना म्हणून. चौकटीत आली की ती माझी मुलगी जरा कमी व्हायची. उजेड कुठून येतोय, मागे कचऱ्याचा डबा दिसतोय का, असल्या विचारांत भीतीला जागा उरायची नाही.

घरी येऊन फोटो बघितले. कुणाला डोकं नव्हतं. काहींमध्ये नुसता बोर्ड होता, माणूस निघून गेलेला. बऱ्याच फोटोंत ओहायोचं स्वच्छ निळं आकाश तेवढं आलं होतं. बायको चहा घेऊन आली, मागे उभी राहून बघू लागली आणि म्हणाली, "अहो, आपली मुलगी कुठेय यात?"

पुढच्या रविवारी एक पिकल्या दाढीचा माणूस बोर्ड काखेत मारून माझ्याजवळ आला. पेशाने तो दातांचा डॉक्टर, वय पन्नाशीच्या पुढे. कॅमेऱ्यात काय आलंय ते बघू का, असं त्याने विचारलं. मी संकोचत दाखवलं. तो हसला नाही. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाकावरून उठ आणि जमिनीलगत बस. वरून काढलं की उडीची उंचीच दिसत नाही. दुसरी, उडी कुठून सुरू झाली आणि कुठे टेकणार, या दोन्ही जागा फोटोत असू देत. नुसता हवेतला माणूस काढलास तर तो काय करत होता ते कुणाला कळणार?

जमिनीवर बसायला माझे गुडघे तयार नव्हते. म्हणून मी बायकोचं मेथीच्या वाफ्यापाशी बसायचं बुटकं स्टूल गाडीत टाकलं. तिने ते परत मागितलं नाही, पण उन्हाळाभर त्याची चौकशी करत राहिली.

स्टुलावर बसून मी हळूहळू शिकलो. शटर फार वेगात उघडझाप करायला लावायचं, नाहीतर हात-पाय पुसल्यासारखे येतात. कुणी वेग घेतला की त्याच्या वाटेत यायचं नाही. लहान मुलांचा फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट मला कानांनी शिकवली. चाकांची घरघर येत असते, मग बोर्डाचं मागचं टोक काँक्रीटवर आपटून टाक असा आवाज होतो आणि एकदम शांतता पसरते. ती शांतता म्हणजे माणूस हवेत. डोळ्यांनी उडी बघून बटण दाबलं तर उशीर होतो. टाक ऐकू आलं की दाबायचं.

असं करत एकदा मला त्या दातांच्या डॉक्टरचा झकास फोटो मिळाला. पायऱ्यांच्या वर तरंगतोय, दाढी वाऱ्यावर, बोर्ड पायाखाली अलगद. मी कौतुकाने दाखवायला गेलो. त्याने बराच वेळ बघितला आणि पुसून टाक म्हणाला. मला वाटलं, दाढी आवडली नसेल. तर तो म्हणाला, की या उडीनंतर तो बोर्डवर नीट उतरला नव्हता, पडला होता. जी उडी पूर्ण झाली नाही तिचा फोटो दाखवायचा म्हणजे थाप मारणं. मी त्याच्यासमोरच तो पुसला. जीवावर आलं, पण त्याचं म्हणणं मला पटलं.

एव्हाना पार्कात सगळे मला 'बाबा' म्हणायला लागले होते. मुलगी तशी हाक मारते म्हणून ते माझं नावच असावं असा त्यांचा समज झाला. मुलीने तो दुरुस्त केला नाही आणि मीही नाही.

मुलीचं घोडं मात्र एका जागी अडलं होतं. मोठ्या रॅम्पच्या काठावर बोर्डाचं मागचं टोक टेकवून उभं राहायचं, पुढचा भाग हवेत असतो. मग पुढचा पाय ठामपणे खाली दाबून सरळ उतारावर झोकून द्यायचं. याला ते ड्रॉप इन म्हणतात. ती दर वेळी पाय दाबायची, बोर्ड तिला सोडून पुढे पळायचा आणि ती पाठीवर आपटायची. मी स्टुलावरून फोटो काढत राहायचो. उठून धावत जायची इच्छा व्हायची, पण तिने आधीच बजावलं होतं, की ती स्वतः उठेपर्यंत मी जागचं हलायचं नाही.

एका रविवारी जेवण झाल्यावर तिने ते पडण्याचे फोटो मागितले. मी ते टीव्हीवर ओळीने लावले. तिची आई स्वयंपाकघरात निघून गेली. आम्ही दोघं सोफ्यावर, तिच्या कमरेला बर्फाची पिशवी. मी सवयीप्रमाणे एकेक फ्रेम मागेपुढे करून बघत होतो, जशी हॉस्पिटलात फिल्म बघायचो. पाय बरोबर होते. गुडघेही वाकलेले होते. पण प्रत्येक फोटोत, पाय दाबण्याच्या आधीच, तिचे खांदे मागे गेलेले होते. मी एका फोटोवर थांबलो.

ती पुढे सरकली. "बाबा, मी निघायच्या आधीच परत येतेय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पाय निघालेत. बाकीची तू वरच आहेस."

पुढच्या रविवारी ती बराच वेळ त्या काठावर उभी राहिली. दातांचा डॉक्टर खाली येऊन उभा होता. मी स्टूल तिच्या उताराच्या बाजूला, जरा दूर मांडलं होतं. तिने खांदे पुढे टाकले. टाक. बोर्ड उताराला चिकटला आणि ती त्याच्यावर उभी होती. खाली आली, सपाटीवरून माझ्याजवळून सूं करून गेली आणि पलीकडच्या कुंपणाला हात लावूनच थांबली. पार्कातल्या लोकांनी बोर्ड जमिनीवर आपटून गलका केला. इथली टाळ्या वाजवायची पद्धत तशीच आहे. मी उठायला गेलो तर पायाला मुंग्या आलेल्या. तीच माझ्याकडे आली आणि घामाने ओली तशीच मला मिठी मारून म्हणाली, "मिळाला?"

मिळाला होता. वरचा काठ आणि खालची सपाटी, दोन्ही त्यात होत्या.

संध्याकाळी तो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून मुलीचा चेहरा मोठा करून बघितला. ओठ आत दुमडलेले, भुवया जवळ आलेल्या, हनुवटी पुढे.

"हा चेहरा कुठे तरी बघितलाय," ती म्हणाली.

"तू हायवेला पळत्या गाड्यांमध्ये आपली गाडी मर्ज करतेस ना, तेव्हाचा."

तिला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने तोच फोटो आपल्या बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, माझ्यावर गेलीय.

यंदा बर्फ वितळल्यावर पहिल्या कोरड्या रविवारी आम्ही तिघं पार्कात गेलो. खड्ड्यांच्या तळाशी मागच्या साली गळलेली पानं कुजून बसली होती. दातांच्या डॉक्टरने झाडू आणले होते. सगळ्यांनी मिळून तासभर झाडलं, बायकोनेही. मग ती थर्मास घेऊन बाकावर जाऊन बसली. मुलगी हेल्मेटचा पट्टा लावायला लागली, आणि मी ऊन कुठून येतंय ते बघत जागा शोधायला निघालो.